काटासाहेबांनी मशीन तपासलं

काटासाहेबांना ताप आला म्हणजे एकट्या काटासाहेबांना आला असं नाही. तो अख्ख्या बिल्डिंगला आला. हा माणूस गुपचूप आजारी पडतच नाही. एक कण्हणं तळमजल्याला, दुसरं गच्चीवरच्या टाकीला, आणि तिसरं राखून ठेवलेलं, कोणी बघायला आलं की सोडायचं.

त्यांचं खरं नाव वेगळं आहे. पण ते पगाराच्या दिवशी तेवढं कामाला येतं. बाकी सगळे काटासाहेबच म्हणतात. वजनमापं तपासायच्या खात्यात इन्स्पेक्टर आहेत. दुकानातला काटा खरं बोलतो का खोटं ते बघायचं, आणि खोटं बोलला तर त्याला तार गुंडाळून शिशाचं सील ठोकायचं. बाजारात शिरले की भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळे सरळ उभे राहतात. भाजी तोलणाऱ्या बाया तर बोटं सुद्धा पारड्यापासून लांब ठेवतात. "माझ्याशी भांड," ते दुकानदाराला म्हणतात, "काट्याशी भांडू नकोस." असा माणूस. कौतुक करावं तर डोक्यावर बसेल, आणि न करावं तर बसलेलाच आहे.

तर ताप आला. अंग ठणकतंय, नाक गळतंय, घसा असा की थुंकी गिळायची म्हटलं तरी देव आठवावा. कोपऱ्यावरच्या सरकारी दवाखान्यात गेले. जाताना मनात हिशेब पक्का होता. एक इंजेक्शन. एक दोनरंगी कॅप्सूलचं पाकीट, सकाळ-संध्याकाळ. आणि डॉक्टरनं मान हलवून म्हणायचं, "वेळेवर आलात." हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

डॉक्टरीणबाई नवीन होत्या, तरुण. घसा बघितला, छाती ऐकली, आणि डब्याएवढं एक पांढरं मशीन पुढं ओढून म्हणाल्या, "बोट द्या."

"बोट कशाला? मला ताप आहे."

"रक्ताचा एक थेंब घ्यायचाय. अंगात जंतूंनी मोठा भडका केलाय का, त्याचा अंदाज येतो. मला तुमचा साधा फ्लू वाटतोय. फ्लू असला तर ॲन्टिबायोटिक देऊन उपयोग नाही, तो त्याला भीकच घालत नाही."

टोचलं. काटासाहेब ओरडले. सिस्टर म्हणाल्या, "अजून टोचलं नाही, पुसतेय." मग खरंच टोचलं. मशीन थोडा वेळ घुर्रघुर्र करत बसलं आणि आकडा आला. आठ.

"आठ," डॉक्टरीणबाई खूश होऊन म्हणाल्या.

"कितीपैकी?"

"कितीपैकी नाही हो, ही काय परीक्षा आहे? शंभराच्या वर गेला तर आम्ही घाबरतो. दहाच्या आत म्हणजे झकास. घरी जा, झोपा, भरपूर पाणी प्या, तापाला ही साधी गोळी. दम लागला, किंवा ताप उतरून परत चढला, तर लगेच या."

"म्हणजे मी दहाच्या आत?" काटासाहेबांचा आवाज कापला.

खरं सांगतो, त्या माणसाला तापानं झालं नव्हतं एवढं दुःख त्या आकड्यानं झालं. सकाळपासून मृत्युपत्राच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि मशीन म्हणतंय आठ! अहो, बाजारात आठ ग्रॅमचा फरक असला तर ते सोडून देतात.

घरी आले. वहिनी दारातच होत्या, हातात बादली.

"काय म्हणाली डॉक्टर?"

"आठ म्हणाली."

"आठ काय?"

"नुसतं आठ. आणि झोपा म्हणाली."

"मग झोपा." वहिनी आत गेल्या आणि खोकायला लागल्या. खोकला चांगला खोल होता, विहिरीत दगड टाकल्यासारखा.

"अगं, जरा हळू खोक!" काटासाहेब पलंगावरून म्हणाले. "इथं माणूस आजारी आहे."

दुपारी पहिले आले ते समोरचे बँकवाले. निवृत्त झालेत, पण समोरच्याला खिडकीपलीकडे उभं करायची सवय गेलेली नाही. आल्या आल्या विचारलं, "काय औषध दिलं?"

"तापाची गोळी."

"आणि?"

"आणि पाणी."

बँकवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पाणी? पाणी नळाला पण येतं. त्यासाठी डॉक्टर कशाला?" मग आवाज खाली आणला. "माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या कॅप्सूल उरल्यात थोड्या. भारी आहेत. आणून देतो."

"हर्नियाच्या? मला तर ताप आहे."

"जंतू तो जंतू. त्याला काय माहीत तो कुठं बसलाय."

ते पाकीट घेऊन परत येईपर्यंत खालच्या मजल्यावरून आक्का पण वर आल्या. आक्का म्हणजे काटासाहेबांची थोरली बहीण. लहानपणी यांना कडेवर घ्यायच्या, अजून खाली ठेवलेलं नाही. "माझ्या भावाला आठ म्हणाली? कोण ती? तिला म्हणावं याच्या कपाळाला हात लावून बघ, चपाती भाजेल." आणि आतल्या दिशेनं, "अगं, चहा टाक! सगळ्यांना!" आतून खोकला आणि कपांचा आवाज एकदमच आले.

कॅप्सूल दोनरंगी होत्या. काटासाहेबांच्या स्वप्नातल्या. त्यांनी पाकीट हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, उलटं केलं, आणि तोंड पाडलं. तारीख पुसली गेलेली. आता तारीख नसलेला माल हा माणूस बाजारात जप्त करतो. तो पोटात कसा घालणार? "नको," म्हणाले, "खायच्या तर कायदेशीर खाईन." आक्कांनी कपाळावर हात मारला, तोही स्वतःच्या नव्हे, त्यांच्याच.

तिथंच सगळं थांबलं असतं. पण ऑफिस होतं ना.

रजेच्या अर्जाबरोबर दवाखान्याचा कागद पाठवला होता, तो बघून संध्याकाळी मोठ्या साहेबांचा फोन आला. मोठे साहेब वाईट माणूस नाहीत, फक्त खुर्चीला चिकटल्यापासून अंगात खुर्चीच आलीय. म्हणाले, "आजारपणाची रजा मागताय, पण आजार कुठं दिसतोय यात? तापाची गोळी लिहिलीय. ती तर आमची धाकटी परीक्षेच्या दिवशी सुद्धा खाते. काहीतरी जड औषध लिहून आणा की. नाहीतर मला 'विनापरवानगी गैरहजर' असा लाल शेरा मारावा लागेल. आणि आत्ता तुमच्या बढतीचं चाललंय. बघा बाबा."

लाल शेरा! काटासाहेबांनी फोन ठेवला. या माणसाच्या सगळ्या नोकरीत लाल शाईचा एक ठिपका नाही. दुसऱ्यांना लाल करत आले आयुष्यभर. ते बढतीसाठी हळहळले असं म्हणत नाही मी. पण शेरा म्हणजे त्यांना काट्यानं खोटं ठरवल्यासारखं वाटलं. आणि कोणी ठरवलं? एका डब्यानं.

"त्या मशीनवर शिक्का नव्हता," ते एकदम म्हणाले.

"कसला शिक्का?" वहिनी भिजवलेले कपडे पिळत होत्या.

"तपासल्याचा! कोणी तपासलंय ते मशीन? कधी? मापणारी कुठलीही वस्तू असो, तिची परीक्षा झाली पाहिजे. मी करतो."

"अहो, तुम्ही झोपा."

"आणि त्या डब्यानं मला आयुष्यातनं उठवलं तर?"

आता काट्याची परीक्षा कशी करतात, ते तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. सोपं आहे. आपल्याला पक्कं माहीत असलेलं वजन त्यावर ठेवायचं. त्याला प्रमाण वजन म्हणतात. पाच किलोचं प्रमाण वजन ठेवलं आणि काट्यानं साडेपाच दाखवलं की काटा नापास. तर मग या मशीनला काय पाहिजे? प्रमाण माणूस. ज्याला काहीएक झालेलं नाही, असा बिनतक्रार, ठणठणीत माणूस.

काटासाहेबांनी घरात नजर फिरवली आणि ती बायकोवर थांबली. लग्न झाल्यापासून या बाईला त्यांनी एकदा म्हणून आडवी झालेली पाहिली नव्हती. ती झोपायचीच यांच्या नंतर आणि उठायची यांच्या आधी, त्यामुळे आडवी दिसायचा प्रश्नच नव्हता. पण इतका बारीक विचार तापात होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरात निघाली. पुढं काटासाहेब, गळ्याला मफलर, खांद्याला खात्याची पिशवी. मागं वहिनी. त्यांच्या मागं आक्का, भावाला न्याय मिळवून द्यायला. आणि बँकवाले, साक्षीदार म्हणून. जिना उतरताना वहिनी दोनदा कठड्याला धरून उभ्या राहिल्या. आक्का म्हणाल्या, "चल गं लवकर, तो आजारी आहे."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "साहेब, हे मशीन खेळायला नाही. पट्टी फुकट जाते. निरोगी माणसाचं रक्त कशाला तपासू मी?"

"म्हणजे तपासायला घाबरता!" बँकवाले म्हणाले.

तेवढ्यात वहिनी खोकल्या. रुमालात, तोंड फिरवून, कोणाला त्रास नको अशा बेतानं. डॉक्टरीणबाईंनी काटासाहेबांवरची नजर काढली.

"ताई, हा खोकला कधीपासूनचा?"

"काही नाही हो, धूळ आहे."

"तिचं सोडा," काटासाहेब म्हणाले. "तिला कधी काही होत नाही. म्हणून तर आणलीय."

"बसा ताई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "द्या बोट." इतक्या पटकन मानतील असं काटासाहेबांना वाटलं नव्हतं. आपल्या दराऱ्याचा परिणाम, दुसरं काय.

वहिनींना टोचलं तेव्हा आवाज झाला नाही. मशीन घुर्रघुर्र करायला लागलं. सगळे वाकून बघायला लागले, सिस्टरसुद्धा. आकडा आला.

एकशे बारा.

"नापास!" काटासाहेब असे ओरडले की बाहेर रांगेत बसलेलं एक पोर रडायचं थांबलं. "धडधडीत नापास! फणफणलेल्या माणसाला आठ आणि ठणठणीत बाईला एकशे बारा!" आणि कोणी काही म्हणायच्या आत पिशवीतनं तार काढली, मशीनला आडवे-उभे दोन फेरे घातले, शिशाची गोळी ओवली आणि पक्कड कच्चकन दाबली. "हे खात्याचं सील आहे. तोडणं गुन्हा आहे."

"अहो, तो भाजीवाल्याचा काटा नाहीये!" सिस्टर किंचाळल्या.

"मापतो ना? मग माझा."

बँकवाल्यांनी टाळी वाजवायला हात वर केले होते. आक्का म्हणाल्या, "आता लिहून द्या माझ्या भावाला चांगलं औषध."

पण डॉक्टरीणबाई यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या वहिनींच्या मागं उभ्या होत्या, नळी पाठीला लावून. "श्वास घ्या. मोठा. अजून. सोडा." नळी खाली सरकली. परत वर. उजवीकडे थांबली आणि तिथंच राहिली.

"जिना चढताना दम लागतो का, ताई?"

"लागतो. पण हातात बादली असते ना."

"छातीत दुखतं?"

"इकडे. कपडे पिळताना."

"ताप येऊन गेला मधे?"

"मला काय माहीत? थर्मामीटर यांच्या तोंडात असतो."

बँकवाल्यांचे हात हवेतच राहिले होते, ते त्यांनी हळूच खिशात घातले. सिस्टरांनी वहिनींच्या काखेत थर्मामीटर लावला, बोटाला दुसरं एक चिमट्यासारखं यंत्र लावलं. मग डॉक्टरीणबाई वळल्या.

"साहेब, मशीन बरोबर आहे. तुमचं प्रमाण वजन बिघडलंय."

"शक्य नाही," काटासाहेब म्हणाले. पण मघाचा आवाज त्यात नव्हता. "परत करा. माझं करा. माझ्या बोटावर परत करा."

"कसं करू? सील आहे ना तुमचं."

आता हे बघा, एखादा इन्स्पेक्टर दुसऱ्यानं सील तोडलेलं बघतो तेव्हा त्याचं पित्त खवळतं. स्वतःचं सील स्वतः कापायचं म्हणजे काय, ते त्यांनाच माहीत. काटासाहेबांनी पक्कड उचलली. तार कापली, सोडवली, शिशाची गोळी टेबलावरनं घरंगळत खाली गेली, ती कोणी उचलली नाही. बोट पुढं केलं. या वेळी ओरडले नाहीत.

नऊ आला.

"हं," म्हणाले. एवढंच. आणि स्टुलावर बसले.

मागच्या खोलीत वहिनींच्या छातीचा फोटो निघाला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडाला धरून दाखवला. उजवीकडे खाली एक पांढरा ढग. "न्यूमोनिया. नुसत्या आकड्यावर मी औषध देत नाही, पण आकडा, छाती आणि फोटो तिघं एकच सांगतायत. प्राणवायू ठीक आहे, म्हणून घरी सोडतेय. पण अजून तशाच बादल्या उचलत राहिल्या असत्या ना, तर त्यांना मोठ्या हॉस्पिटलात जाऊन भेटला असता तुम्ही." आणि वहिनींच्या हातात पाकीट दिलं. "सगळं संपवायचं, मधे सोडायचं नाही. आणि झोपायचं. कळलं ना? झोपायचं. परवा परत दाखवा. दम वाढला तर त्याआधीच."

पाकिटातल्या कॅप्सूल दोनरंगी होत्या. बाहेर पडल्या पडल्या आक्का म्हणाल्या, "त्यातल्या एक-दोन यालाही दे."

"आक्का," काटासाहेब म्हणाले, "गप्प बस."

आक्का गप्प बसल्या. आश्चर्यानं. भावाच्या तोंडून हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला.

पण खरी मारामारी घरी आल्यावर. वहिनींनी चप्पल काढली आणि सरळ स्वयंपाकघराकडे निघाल्या.

"कुठं?"

"भात टाकते. सगळ्यांना उशीर झाला."

"डॉक्टर काय म्हणाली?"

"ती म्हणणारच. तिला काय, तिच्या घरी कोणीतरी भात टाकत असेल. मला काही झालेलं नाही, सरका."

"बरोबर आहे," दारातून बँकवाले. "वहिनी तर चालत आल्या. आजारी माणूस असा दिसतो का? तुम्ही दिसता तसा दिसतो."

"बायकांना खोकला असतोच," आक्कांना वाचा फुटली. "मी दोन बाळंतपणं खोकत काढली. कसला फोटो नि कसला ढग! काल तुला औषध नाही दिलं आणि आज हिला दिलं, त्या पोरीला माणसं ओळखता येत नाहीत."

काटासाहेब स्वयंपाकघराच्या दारात आडवे उभे राहिले. मफलर सुटलेला, नाक लाल, अंगात ताप. पण उभे राहिले.

"बाजारात दुकानदार मला काय सांगतो माहितीये?" म्हणाले. "साहेब, माल बघा ना कसला चांगला दिसतोय, वजन कशाला करताय. आणि मी त्याला दंड करतो. मी इतकी वर्षं घरात तेच केलं. उभी दिसते म्हणजे बरी आहे, असं समजून चाललो. मोजलंच नाही. आता मोजलंय. आता कोणी बोलायचं नाही. आक्का, तू नाही. बँकवाले, तुम्ही तर नाहीच, आणि त्या हर्नियाच्या कॅप्सूल घेऊन जा, नाहीतर जप्त करीन."

"आणि भात?" वहिनी म्हणाल्या.

"मी टाकीन."

"तुम्ही?" त्या इतक्या हसल्या की खोकला आला, खोकता खोकता भिंतीला टेकल्या, आणि तिथनं त्यांना पलंगापर्यंत नेणं सोपं गेलं. पलंग यांचाच. चादर अजून गरम होती.

तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन.

"काय, लिहून आणलं का जड औषध?"

"आणलं."

"वा! झालं तर मग काम."

"बायकोच्या नावावर आहे."

"मग तुमच्या रजेचं?"

"मला नऊ आहे साहेब. दहाच्या आत. माझ्या अंगात फ्लू आहे, दवाखान्याच्या कागदावर तो फ्लूच राहील, मी त्याला जड करून आणणार नाही. पण मी येत नाही. घरी बाई झोपलीय आणि भांडी पडलीत."

"अहो, मग मला शेरा मारावा लागेल!"

"मारा. लाल शाईत मारा. ठळक. शाई कमी पडली तर बरा झाल्यावर मी बाटली आणून देतो. पण खाली कारण नीट लिहा: जड औषध लागत नव्हतं म्हणून घेतलं नाही." आणि फोन ठेवला. शेरा तो शेराच. तो त्यांना लागला नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मग भात. त्याबद्दल जास्त बोलत नाही. तांदूळ त्यांनी वजन करून घेतले, ग्रॅमपर्यंत बरोबर. पाणी किती, ते विचारलं नाही. पहिला खाली लागला, दुसरा वर उसळला, तिसऱ्याला आतनं वहिनींनी सूचना दिल्या: "गॅस बारीक करा... अहो, बारीक म्हणजे बंद नव्हे!" मधे मधे बसून घेत होते, तापाची साधी गोळी खात होते, पाणी पीत होते, अगदी सांगितल्यासारखं. त्या रात्री दोघांनी जे खाल्लं त्याला नाव नव्हतं, पण वहिनींनी कॅप्सूल वेळेवर घेतली. काटासाहेब घड्याळ धरून समोर उभे होते.

दोन-तीन दिवसांत यांचा ताप उतरला, आपला आपणच. वहिनींचाही उतरला, पण कॅप्सूल संपायच्या होत्या आणि पलंग सुटला नव्हता. सुरुवातीला त्यांना पडून राहणं जमेचना. कुशीवर वळल्या तरी कोणाची तरी माफी मागावी असं तोंड. मग हळूहळू जमायला लागलं. उशी पाठीला लावून घेतली. खिडकी जरा उघडायला सांगितली. मग जरा लावायला सांगितली. एकदा तर कण्हून पण बघितलं, कसं वाटतं ते.

त्या दिवशी संध्याकाळी बँकवाले आले. रुसले होते, पण चौकशी करायची सवय जात नाही. काटासाहेब दार उघडून उभे, हाताला साबणाचा फेस.

"काय काटासाहेब, कशी आहे तब्येत? ताप काय म्हणतो?"

काटासाहेबांनी तोंड उघडलं होतं. पण आतनं, खणखणीत आवाजात:

"अहो, त्यांना काय विचारता? नऊवाला माणूस तो! एकशे बारावाली इकडे आहे. आत या, खुर्ची ओढा, आणि नीट विचारा. चहा पाहिजे असला तर त्यांना सांगा."